आवाजासकट

“अगं प्रणोती, सुई म्हशीला टोचायची आहे, हवेला नाही!” हुद्दार सर मागून ओरडले आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

मला काय ते कळत नव्हतं? पण समोर पाचशे किलोची म्हैस, तिला लोखंडी खोड्यात घातलेली, आणि ती असं अंग घुसळत होती की म्हैस खोड्यात आहे का खोडा म्हशीत, हेच समजेना. पशुवैद्यक कॉलेजचं आमचं तिसरं वर्ष. त्या दिवशी प्रत्येकानं जनावराच्या मानेच्या शिरेतून रक्त काढायचं होतं. बाकीच्यांना गरीब गाई मिळाल्या, माझ्या वाट्याला ही बया. मी बार्शीची, वडील एस.टी.त कंडक्टर. दूध मी जन्मभर पिशवीतून बघितलेलं.

सायमा मुलाणी माझी रूममेट. तिच्या हातात मी माझा फोन देऊन ठेवला होता. म्हटलं होतं, “व्हिडिओ काढ गं, पप्पांना पाठवायचाय. डेपोत सगळ्यांना दाखवतील.” आता ती फोन रोखून उभी, आणि माझे हात लटलट कापतायत.

“कुणीतरी डोकं धरा रे तिचं,” सर म्हणाले.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पुढे आला तो मायाप्पा गडदे. माणदेशातला, मेंढपाळाचा मुलगा, अंगानं काटक, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा. कुणाशी फारसं बोलायचा नाही. बाकीचे लोक म्हशीच्या नाकपुड्यांत बोटं घालून तिला धरतात. ह्यानं तसलं काही केलं नाही. तिच्या गळ्याखालून एक हात घातला, दुसऱ्या हातानं कान धरला आणि त्या कानाला तोंड लावून काहीतरी पुटपुटायला लागला.

मी डोळे मिटले आणि सुई घातली. हो, डोळे मिटून. आता नोकरी पक्की झालीय, कबूल करायला हरकत नाही. “आई गंऽऽ!” असं कोणीतरी किंचाळलं. ते कोण, हे मला नंतर कळलं. म्हैस मात्र देवळातल्या नंदीसारखी गप उभी होती. डोळे उघडले तर नळीत रक्त उतरत होतं.

“जमलं की गं!” सर म्हणाले. मायाप्पानं म्हशीच्या मानेवर दोन थापा मारल्या आणि तो परत मागे जाऊन उभा राहिला. त्याला साधं थँक्यूसुद्धा म्हणायचं मला सुचलं नाही.

दुपारी खोलीवर येऊन मी व्हिडिओ बघितला आणि डोक्याला हात लावला. उजवीकडे मी, डोळे गच्च मिटलेले, तोंड वासलेलं, आणि बकरीसारखं ओरडतेय. हे पप्पांना पाठवायचं? डेपोत दाखवायला? शक्यच नव्हतं. पण डावीकडे मायाप्पा दिसत होता. म्हशीच्या गळ्यात हात, कानाशी तोंड, आणि म्हशीनं चक्क डोळे अर्धे मिटलेले. मला हसू फुटलं. मी माझी बाजू कापून टाकली. माझ्या किंकाळीमुळे आवाजही बंद केला. उरले वीस सेकंद. खाली लिहिलं, ‘सोयरीक जमली हो!’

“नको टाकूस गं,” सायमा म्हणाली. “बिचारा तुझ्यासाठीच पुढे आला होता.”

“आपल्या सहाजणींचाच तर ग्रुप आहे. एवढं काय?”

खरं सांगायचं तर सकाळी वर्ग मला हसला होता आणि ते मला फार लागलं होतं. आता लोकांनी दुसऱ्या कुणाला तरी हसावं, एवढीच माझी इच्छा होती. मी टाकला. सहाजणींची हसून हसून मुरकुंडी वळली. पाच मिनिटांत मला बरं वाटायला लागलं.

सहाजणींतलं कोणीतरी तो पुढे पाठवला. संध्याकाळपर्यंत तो वर्गाच्या ग्रुपवर. आमच्या वर्गात ओजस म्हणून एक होता, असल्या गोष्टींत पटाईत. त्यानं त्याला सनईचा आवाज लावला, वरून अक्षता पडतायत असं केलं, आणि तो एका फेसबुक पेजवर गेला. चार दिवसांत दीड लाख लोकांनी बघितला. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी इथं लिहिणार नाही, माझ्या हाताला ते लिहवणार नाही. पण तेव्हा, खोटं कशाला बोलू, आकडा वाढताना बघून मला मजा वाटत होती. माझी ओळ होती ना ती.

मायाप्पाकडे साधा बटणांचा फोन. व्हिडिओ नाही, ग्रुप नाही, काही नाही. त्यामुळे त्याला पत्ताच नव्हता. मी व्हिडिओ टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो वर्गात शिरला तशी मागची चार पोरं म्हशीसारखी रेकली. हा आपला खिडकीशी गेला आणि बाहेर वाकून बघायला लागला. त्याला खरंच वाटलं, दवाखान्यातली म्हैस सुटून आली. वर्ग नुसता फुटला. मग कुणीतरी त्याच्या हातात आपला फोन दिला. त्यानं उभ्याउभ्या शेवटपर्यंत बघितला, फोन परत दिला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि जागेवर जाऊन बसला.

त्या दिवसापासून त्याचं नाव जावई. “जावईबापू आले, जागा द्या.” मेसमध्ये, “जावयाला आधी वाढा हो, मान असतो.” आधी आधी हे चिडवणंच होतं, आमच्याकडे चिडवतातच. पण एकदा त्याच्या खोलीच्या दाराला कुणीतरी मुंडावळ्या बांधल्या. एकदा त्याच्या वहीत म्हशीचं चित्र काढून खाली घाण लिहिलं. बाहेरच्या अनोळखी पोरांनी त्याचा नंबर कुठून तरी मिळवला आणि ते फोन करून रेकायला लागले. तो फोन उचलायचा, ऐकायचा आणि ठेवून द्यायचा. वहीचं ते पान त्यानं फाडलं नाही, नुसतं उलटलं. हे मी बघितलं, कारण मी त्याच्या पुढच्याच बाकावर होते.

“आता पुरे झालं,” सायमा मला म्हणाली. “त्याला जाऊन सांग की व्हिडिओ तू टाकलायस.”

“काढलास तू,” मी म्हणाले.

“फोन तुझा, कापलास तू, टाकलास तू. आणि मी काढला?”

“बरं बाई, चुकलं. पण चिडवतात तर सगळेच, मग मी एकटीनंच कशाला सांगायचं?”

दोन आठवड्यांनी कुठून तरी प्राचार्यांपर्यंत गेलं. हुद्दार सर वर्गात आले ते दार लावूनच. “कॉलेजची अब्रू चव्हाट्यावर मांडलीत. हा व्हिडिओ ज्यानं मुळात टाकला, त्याचं एक वर्ष जाणार. प्राचार्यांनी मला लेखी दिलंय. नाव सांगा.”

पुढे तर सगळ्यांनीच पाठवला होता, नाव कोण घेणार? एक वर्ष म्हणजे फ्रीशिप बंद, होस्टेल बंद, आणि पप्पा डेपोत ‘आमची डॉक्टर’ म्हणून सांगत फिरतायत.

“गडदे, तू सांग,” सर म्हणाले. “तू समोर होतास. व्हिडिओ कुणाच्या फोनवर निघत होता?”

मायाप्पा उभा राहिला. “माझं तोंड म्हशीकडं हुतं सर. मी न्हाई बघितलं.”

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, सुटले. त्याला काही माहीतच नाही.

मग आलं ते लसीकरणाचं शिबिर. कॉलेजची बस आम्हाला तीस किलोमीटरवरच्या एका गावात घेऊन गेली. लाळ्या-खुरकूतची लस, घरोघरी जायचं, दोघादोघांच्या जोड्या. सरांनी चिठ्ठ्या काढल्या आणि माझी जोडी निघाली मायाप्पाशी. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही चाळीसेक जनावरं केली. बोललो ते कामापुरतं. तो प्रत्येक जनावराच्या कानाशी जायचा, मग सुई. एकही हललं नाही. मी नुसती वहीत नोंदी करत होते, आणि हे बरं चाललंय असं मला वाटत होतं.

एका गोठ्यात मालक बाहेर आला. पन्नाशीचा गडी, डोक्याला पंचा. मायाप्पा म्हशीकडे वळला तसा तो मधे आला.

“थांबा. ह्यो न्हाई. दुसरा कुणी पाठवा.”

“का हो?” मी विचारलं.

“ह्यो त्यो जावई न्हवं का? मोबाइलवरचा?” तो मायाप्पाकडे बोट दाखवून म्हणाला. दारात त्याची सून उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. “घरात बायामाणसं हायती. असल्याला मी माझ्या म्हशीजवळ जाऊ द्यायचा न्हाई.”

मी म्हणायला हवं होतं की दादा, तसलं काही नाही. तीन शब्दांचं काम होतं. मी वहीत तोंड घातलं. मायाप्पानं सुईला टोपण लावलं, सिरिंज बर्फाच्या डब्यात नीट ठेवली, ॲप्रन काढला, घडी घातली आणि डब्यावर ठेवली. “तू कर,” तो मला म्हणाला. “जोराची लाथ हाय हिला, उजव्या अंगानं जा.” आणि तो चालत बसकडे गेला.

ती म्हैस मी केली. लाथ बसलीच. मांडी काळीनिळी झाली आणि मला त्याचं बरंच वाटलं, खरं सांगते.

परत आल्यावर मी ठरवलं, मूळ व्हिडिओ आता पुसून टाकायचा. पुरावाच नको. पुसायच्या आधी एकदा बघावं, माझा आवाज ओळखू येतो का. सायमा समोरच्या कॉटवर अभ्यास करत होती म्हणून मी कानात इअरफोन घातले. मी तो आवाजासकट नीट कधी ऐकलाच नव्हता. पहिल्या दिवशी माझी किंकाळी ऐकली आणि लगेच आवाज बंद केला होता. इअरफोनमध्ये किंकाळीच्या आधी, खालून, हळू, मायाप्पाचा आवाज येत होता.

“पोरगी नवी हाय. भ्यालीया. हात कापाय लागल्यात तिचं. तू हलू नगंस. एवढ्या खेपंला सांभाळून घे तिला, माझी बाय. एवढ्या खेपंला.”

मी चारदा ऐकलं. सायमानं विचारलं, “काय झालं गं? रडतेस का?” मी एक इअरफोन तिला दिला. तिनं ऐकलं, कानातून काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

“आता जा,” ती म्हणाली.

सकाळी मुलांच्या होस्टेलवर गेले तर कळलं, तो ट्रंक घेऊन एस.टी. स्टँडवर गेलाय. मी धावतच गेले. तो फलाटावर ट्रंकेवर बसून चहा पीत होता. मला बघून उठला.

“तू तिला काय सांगत होतास ते मी ऐकलं,” मी म्हणाले. धाप लागली होती. “काल ऐकलं. व्हिडिओ माझा आहे, मायाप्पा. मीच टाकला.”

“मला ठावं हाय.”

“कधीपासून?”

“पयल्यापासनं. सायमाच्या हातात गुलाबी फोन हुता. गुलाबी फोन वर्गात तुझाच.”

“मग सरांना का नाही सांगितलंस?”

“तुझं वरीस गेलं असतं की.” हे त्यानं असं सांगितलं, जसं काही मी विचारायलाच नको होतं. “आमच्यात टोचायच्या आधी जनावराला सांगत्यात. मेंढरं कातरताना बी माझा बा सांगतो. न सांगता टोचलं की फुडच्या खेपंला ते माणसाला जवळ येऊ देत न्हाई. त्यात हसण्यासारखं काय हाय, मला अजून कळलं न्हाई बघ.”

“काही नाही,” मी म्हणाले. “हसण्यासारखं काहीच नाही. तू जाऊ नकोस ना.”

त्यानं कप बाकाखाली ठेवला. “त्या मालकाचं मला कायबी वाटलं न्हाई. पर बानं बघितलाय त्यो. गावात थांब्यावर कुणीतरी दावला. फोन करून म्हणला, मायाप्पा, शिकाय गेलास का लोकांची करमणूक कराय? ये माघारी मेंढरांकडं. कानात सांगायचं त्यानंच मला शिकवलंय. पर आवाजच न्हाई, तर त्याला तरी कसं कळावं? मी सांगितलं त्याला, तर म्हणतो, आता काय बी सांगशील.”

मी खाली मान घातली. तो म्हणाला, “एक करशील? त्यो आवाजासकट टाक. जिथं जिथं पयला गेलाय तिथं. गावापातूर पोचंल बरोबर, पयला पोचला तसाच. बानं ऐकला की बास. मग मी येतो माघारी.”

“त्यात मी दिसते,” मी म्हणाले. हे माझ्या तोंडून निघालं, आणि ऐकून मलाच लाज वाटली.

“व्हय. दिसतीस.”

“टाकते,” मी म्हणाले. “आईशप्पथ टाकते. आजच.”

त्याचा चेहरा खुलला. तीन वर्षांत त्याला असं हसताना मी बघितलं नव्हतं. आटपाडीची गाडी लागली. ट्रंक टपावर चढवून तो खिडकीशी बसला आणि म्हणाला, “पुस्तकं मी खोलीवरच ठिवल्यात. येणारच हाय म्हणून.”

त्या दिवशी मी व्हिडिओ ग्रुपच्या चौकटीत लावला आणि बोट पाठवायच्या बटणावर ठेवलं. मग सरांचं ‘एक वर्ष’ आठवलं. म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी पप्पांचा फोन आला, त्यांनी डेपोत पेढे वाटायचा विषय काढला. म्हटलं, अंतर्गत परीक्षा होऊ दे. आठव्या दिवशी त्याच्या बटणांच्या फोनवरून मेसेज आला, इंग्रजी अक्षरांत, दोनच शब्द. टाकला का.

मी उत्तर दिलं, ‘नेट चालत नाहीये. उद्या नक्की.’

पंधरवड्यानं परत तेच. टाकला का. मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्यांदा मेसेज आला नाही.

त्याची पुस्तकं महिनाभर खोलीवर होती, मग वॉर्डननं ती ग्रंथालयात जमा केली. वर्गात जावयाचा विषय मागे पडला, पोरांना चिडवायला दुसरं कुणीतरी मिळालं. सायमानं सत्र संपताना खोली बदलली. “मी सांगणार नाही कुणाला,” ती ट्रंक ओढत म्हणाली. “सांगायचं तर तू सांग. पण मला तुझ्याबरोबर राहवत नाही.”

मी डॉक्टर झाले. पप्पांनी डेपोत पेढे वाटले. नोंदणीचं प्रमाणपत्र पोस्टानं घरी आलं, त्यावर माझा नंबर होता, आता माझं वर्ष कुणी घेऊ शकत नव्हतं. मध्ये तीन वर्षं गेली होती. त्याच दुपारी मी तो व्हिडिओ टाकला. अख्खा. मिटलेल्या डोळ्यांसकट, किंकाळीसकट, त्याच्या आवाजासकट. वर लिहिलं की पहिला व्हिडिओ मी कापला होता, तो मीच टाकला होता, आणि मायाप्पा म्हशीला माझ्यासाठी विनवत होता. वर्गाच्या ग्रुपवर टाकला, फेसबुकवर टाकला, त्या पेजलाही पाठवला. पेजनं घेतला नाही. ओजसनं अंगठा दिला. कुणीतरी लिहिलं, ‘काय दिवस होते यार.’ फेसबुकवर दोन दिवसांत तो एकतीस जणांनी बघितला.

मायाप्पाचा नंबर तोच होता. आता त्यावर व्हॉट्सॲप दिसत होतं, फोटोत एक कोकरू. मी व्हिडिओ त्याला पाठवला. खाली लिहिलं, ‘टाकला. माफ कर.’ निळ्या खुणा लगेच आल्या. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी. आई म्हणाली, “चहा उतू चाललाय गं, लक्ष कुठंय?”

मग उत्तर आलं.

‘बघितला. आवाज चांगला आलाय. पर बा गेला गेल्या साली. आता मेंढरं कुणावर टाकून येऊ?’